नेमाच्या बाजूला

गोपाळराव : सदरा काउंटरवर नको वहिनी, बंदूक पुसतो आहे तिथं; त्या स्टुलावर ठेवा. रक्त वाळलेलं आहे ना?

रंभाबाई : वाळलं जी. तीन दिस झाले. दवाखान्यात कापूनच काढला आंगातून. फेकून देत होते, मंग मीच मागून घेतला. धुतला नाही.

गोपाळराव : नाही धुतला ते बरं केलं. सदरा कोणाचा म्हणालात?

रंभाबाई : देवरावचा. माह्या लहान्याचा. तुम्ही पाहिला असन त्याले. बावाच्या बोटाले धरून येत होता तुमच्या दुकानात, एवढासा होता तवा.

गोपाळराव : मारोतरावांचा धाकटा? अरे देवा. आणि बार कोणाच्या हातून सुटला?

रंभाबाई : रुपरावच्या. मोठ्याच्या.

गोपाळराव : बसा. आधी बसा तुम्ही. ती खुर्ची ओढून घ्या. पोरगा आहे ना पण?

रंभाबाई : हाये. जीव हाये. उजवा डोळा गेला. बाकी खांद्यात हाये, दंडात हाये, मानेत हाये छर्रे. डॉक्टर म्हनते, काही काढू, काही आंगातच राहतीन, राहिले तरी माणूस जगते. डोळ्याचं मात्र काही होत नाही म्हनते.

गोपाळराव : पाणी घ्या. घ्या हो, माठातलं आहे. पायी आलात का मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापासून?

रंभाबाई : पायीच आली. रुपरावले सांगून नाही आली. तो पायरीवर बसून राहिला हाये तीन दिसापासून, आत जात नाही, घरी जाते थे फक्त भाकर आनापुरता. बंदूक तुमच्याच दुकानातली ना जी? पोरायच्या बावानं तुमच्याकडूनच नेली होती.

गोपाळराव : माझ्याकडूनच. बारा बोराची दुनाली. चार बंदुका पाहून, चारही खांद्याला लावून ही घेतली त्यांनी. दरसाल यायचे काडतुसं न्यायला, टोपलीभर संत्री ठेवून जायचे इथं. मारोतराव गेले आणि ती संत्रीही गेली. रुपराव येतो, पण तो बोलत नाही फार.

रंभाबाई : तो पहिलेपासूनच तसा हाये.

गोपाळराव : वहिनी, एक गोष्ट आधीच सांगतो, रागावू नका. मी दुकानदार आहे. माल विकतो. अशा भानगडीत मला आधी ओढलं आहे कोर्टात, दिवसदिवस बाकावर बसवून ठेवलं आहे. पोलिसांचे तज्ज्ञ असतात, मुंबईला, ते सांगतात काय ते. मी थकलो आता या सगळ्याला. लढाई संपून महिना नाही झाला, माल येत नाही, आलेला आधी फौजेकडं जातो. कपाटं पाहा, रिकामी आहेत. मलाही वाटतं, कुलूप लावावं आणि घरी बसावं.

रंभाबाई : कोर्टासाठी नाही आली मी भाऊजी. माह्यासाठी आली.

गोपाळराव : म्हणजे?

रंभाबाई : आज संध्याकाळी जमादार येनार हाये बयान घ्यायले. डॉक्टरनं कालपर्यंत बोलू नाही दिलं, आज देईन म्हनते. सकाळी देवराव मले म्हने, माय, भावानं माह्यावर नेम धरला होता का? तू सांग. तू सांगशीन थेच मी जमादाराले सांगीन.

गोपाळराव : तुम्हाला विचारलं? तुम्ही कुठं होता तिथं?

रंभाबाई : मी घरी होती, चुलीपाशी. बार आयकला तं वाटलं, वानरं हाकलून राहिला असन बगीच्यातून. दोघायची माय हाव मी. खोटं बोलाचं असन तं बोलीन, मले लाज नाही वाटनार. पन मले माहीत तं पाहिजे का, मी खोटं बोलून राहिली म्हनून.

गोपाळराव : रुपराव काय म्हणतो?

रंभाबाई : डुक्कर होतं म्हनते. तुरीत हाललं म्हनते, म्हनून झाडली. पोलीस पाटलाले थेच सांगतलं, दवाखान्यात थेच सांगतलं. मले नाही सांगत. मी समोर गेली का खाली पाहते.

गोपाळराव : हं. द्या तो सदरा इकडं. थांबा, दाराजवळ उजेड आहे. नाही, आधी तुम्ही हे समजून घ्या, नाहीतर मी काय म्हणून राहिलो ते कळणार नाही तुम्हाला. हे काडतूस पाहा. ओलीनं फुगलेलं आहे, विकता येत नाही, म्हणून चाकू लावतो.

रंभाबाई : फुटनार तं नाही?

गोपाळराव : नाही फुटत. हे खाली पितळ. मधोमध ही टोपी. चाप ओढला की हिच्यावर ठोका पडतो, ठिणगी होते. तिच्यावर ही दारू. दारूवर ही नमद्याची, दाबलेल्या लोकरीची चकती, आम्ही डाट म्हणतो हिला. दारू पेटली की डाटेला धक्का बसतो आणि डाट सगळ्यांना पुढं ढकलते. आणि हे छर्रे. हात पुढं करा.

रंभाबाई : बाप्पा. ज्वारीवानी दिसते.

गोपाळराव : हे चार नंबरचे. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. सहा, आठ नंबर अजून बारीक, पाखरांचे. आणि हा पाहा. हा एल. जी. हरभऱ्याएवढा. हा डुकरासाठी. ते ज्वारीसारखे दीडशेच्या वर बसतात एका काडतुसात, हे सहाच.

रंभाबाई : आनि हे एवढे सगळे एकदम जाते?

गोपाळराव : एकदम जातात. नळीत असतात तोवर मुठीत धरल्यासारखे. तोंडातून बाहेर पडले की सुटे व्हायला लागतात. जितकं लांब तितके फाकतात.

रंभाबाई : वाफ्यात सांभाराचे धने फोकतो तसं. हात जवळ असला तं ढीग पडते, लांब फेकला तं पातळ पडते.

गोपाळराव : अगदी तसंच. चार पावलांवरून झाडली तर मुठीएवढं एकच भोक. मग माणूस दवाखान्यात नाही जात, वहिनी. त्या भोकात डाटसुद्धा सापडते. वीस पावलांवर परातीएवढं पसरतं. चाळीस-पन्नास पावलांवर बाजेएवढं. आणि तेही सारखं नाही पसरत. मधे दाट, कडेला विरळ. पंचवीस वर्षं झाली मला या दुकानात. जो येतो तो विचारतो, किती लांब जाते? किती रुंद जाते, हे आजवर एकानं नाही विचारलं.

रंभाबाई : मी इचारून राहिली ना. पाहा तुम्ही सदरा.

गोपाळराव : पाहतो. हा मागचा भाग, ही उजवी बाही. बाहीवर आहेत. खांद्यावर आहेत. कॉलरवर दोन. नवा होता का हो सदरा?

रंभाबाई : नवाच. पहिल्यांदाच घातला होता.

गोपाळराव : पाठीच्या मधोमध एक. आणि डावीकडं... डावीकडं नाही. उलटून पाहू. नाही, एकही नाही. वहिनी, तुम्ही पाहा, माझ्या चष्म्याचा भरवसा नाही आता. उजेडासमोर धरा.

रंभाबाई : डाव्या आंगाले नाही. बाही कोरी हाये.

गोपाळराव : खाली कमरेजवळ?

रंभाबाई : उजव्या बाजूले हाये दोन. डाव्या बाजूले नाही.

गोपाळराव : मग पाहा. एका भोकापासून दुसरं किती दूर आहे, वीत-वीतभर. म्हणजे जवळून नाही झाडली. चांगली लांबून झाडली आहे, पन्नास पावलं तरी. आणि हा दाणा चार नंबरचा. एल. जी. असता तर भोकं मोठी दिसली असती, आणि तुमचा पोरगा... जाऊ द्या. आणि दाट भाग कुठंच नाही या कापडावर. दाट भाग त्याच्या बाजूनं गेला. त्याच्या उजव्या हाताला दोन हात सोडून. त्याला लागले ते कडेचे.

रंभाबाई : म्हनजे नेम त्याच्यावर नव्हता?

गोपाळराव : नव्हता. नेम बाजूला होता.

रंभाबाई : पक्कं?

गोपाळराव : कोर्टात विचारलं तर मी इतकं पक्कं नाही म्हणणार. तुम्हाला म्हणतो. ज्याला मारायचं असतं तो पन्नास पावलांवरून ज्वारीचे दाणे नाही फेकत, आणि फेकले तरी बाजूला नाही फेकत... वहिनी? रडू नका हो.

रंभाबाई : नाही रडून राहिली. बसू द्या थोडं.

गोपाळराव : बसा, बसा. कोणी नाही येत या वेळी. चहा सांगू?

रंभाबाई : नको. तीन दिसापासून मी रुपरावच्या हातची भाकर नाही घेतली भाऊजी. गावाहून, खाप्याहून भाकर बांधून आनते, मले देते, मी तशीच ठेवून देत होती. बावा गेला तवा देवराव चार वर्साचा होता. रुपरावनंच वाढवला. खांद्यावर घेऊन बगीच्याले पानी देत होता. अन् मी त्याच्यावर शक घेतला.

गोपाळराव : घेणारच. कोणीही घेईल.

रंभाबाई : जातो आता. जमादार यायच्या पहिले सांगाले पाहिजे.

गोपाळराव : थांबा.

रंभाबाई : काय जी?

गोपाळराव : नाही, काही नाही. जा तुम्ही.

रंभाबाई : भाऊजी, तुमच्या तोंडावर दिसून राहिलं. सांगून टाका.

गोपाळराव : तुम्ही म्हणालात ना, खरं माहीत पाहिजे. म्हणून सांगतो. नाहीतर गप्प बसलो असतो, माझं वय झालं आहे गप्प बसायचं. दुनालीला दोन चाप असतात. पुढचा ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. मारोतराव उजवीत बारीक भरायचे, वानरं-पाखरं हाकलायला. डावीत एल. जी., डुकरासाठी. डावी नळी तोंडाशी जरा आवळलेली असते, तिच्यातून दाणे कमी फाकतात. रुपरावलाही तसंच शिकवलं होतं, माझ्यासमोर, इथंच उभं राहून.

रंभाबाई : हो. आजही तसंच भरते. डाव्या बाजूले मोठं.

गोपाळराव : मग डुक्कर पाहिलं असतं तर मागचा चाप ओढला असता ना. पण घाईत बोट चुकतं, वहिनी. माझंसुद्धा चुकलं आहे.

रंभाबाई : रुपरावचं नाही चुकत. अंधारात संत्र्याचा देठ कापते तो, पान नाही तोडत.

गोपाळराव : असेल.

रंभाबाई : मंग डुक्कर नव्हतं.

गोपाळराव : ते कापड नाही सांगत. किती लांबून, कोणता दाणा, कोणत्या बाजूनं, इतकंच सांगतं कापड. तिथं काय होतं आणि रुपरावच्या मनात काय होतं, ते त्यालाच विचारा. रिक्षा करून देऊ का? चालवणार नाही तुमच्यानं.

रंभाबाई : चालीन. चालता चालता सुचन काही. तो सदरा द्या इकडं, कागदात नका गुंडाळू.

(मेडिकलमधल्या वॉर्डाबाहेरच्या पायऱ्या, दिवे लागायच्या आधी, मग वॉर्डात देवरावच्या खाटेशी.)

रुपराव : कुठं गेलती वं माय? सगळं मेडिकल पालथं घातलं म्या. देवरावले दारातून इचारलं तं त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

रंभाबाई : जमादार आला का?

रुपराव : नाही आला अजून. भाकर आनली हाये. थंडी झाली.

रंभाबाई : गोपाळभाऊजीच्या दुकानात गेलती. देवरावचा सदरा घेऊन.

रुपराव : काहून?

रंभाबाई : उजवी नळी काहून झाडली, रुपराव? डुकरासाठी डावी असते. बावानं शिकवलं तुले. काहून झाडली उजवी?

रुपराव : बोट चुकलं.

रंभाबाई : इकडं पाह्य. माह्याकडं पाह्य अन् पुन्हा सांग. डुक्कर होतं का?

रुपराव : नव्हतं.

रंभाबाई : मंग?

रुपराव : बसू दे मले.

रंभाबाई : बस. अन् सांग. मले वरडाची ताकत नाही राहिली गा, तू बिनधास्त सांग.

रुपराव : आदल्या रात्री भांडन झालं, तू होतीच. एसटीत कंडक्टरकीचा कॉल आला म्हने, जातो म्हने. मी म्हटलं, संत्र्याचा बहार तोडाले आला हाये, बगीचा एकटा कोन पाहीन? थो म्हने, मी का जन्मभर तुह्या बगीच्याचा सालदार हाव? मी मंग बंदूक घेऊन बगीच्यात गेलो, जागलीले. झोप नाही आली. उजाडलं तं तो वावराच्या धुऱ्यावरून चालला होता. नवा सदरा, डोक्यावर पेटी. न सांगता चालला होता, माय. तुलेही सांगतलं नव्हतं.

रंभाबाई : नव्हतं सांगतलं.

रुपराव : मी हाक मारली. त्यानं आयकली, पन थांबला नाही. आयकली हे मले समजलं, पेटीवरचा हात हालला त्याचा. नाल्याच्या काठी ते बाभूळ हाये ना, त्याच्या बाजूनंच रस्ता जाते. मी बाभळीवर झाडली. वानरं हाकलतो तशी. आवाजानं थांबन म्हनून. एवढ्या लांबून छर्रे पोचत नाही, पोचले तं बाभळीतच जातीन, असं वाटलं.

रंभाबाई : छर्रे फाकते गा.

रुपराव : माहीत हाये. बावानं चादर टांगून दाखवलं होतं मले. कुठून किती फाकते, सगळं दाखवलं होतं. त्या वक्ती नाही आठवलं. त्या वक्ती मले एवढंच वाटे का तो थांबला पाहिजे.

रंभाबाई : हं.

रुपराव : अन् चाप ओढता ओढता मी पुन्हा हाक मारली. ‘बाबू’ म्हनून. लहानपनी म्हनत होतो तसं. त्या हाकेनं वळला तो. वळला नसता तं पाठीतच बसले असते सगळे. डोळा राहिला असता. मी हाक नसती मारली तं राहिला असता.

रंभाबाई : मंग डुक्कर कोनं आनलं यात?

रुपराव : पोलीस पाटील धावत आला. त्यानंच इचारलं, डुक्कर होतं ना रे? मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं, मंग तेच सांगत गेलो. आज सांगून टाकतो जमादाराले जसं झालं तसं. मले आता हे नाही उचलत.

रंभाबाई : उठ. आत चाल.

रुपराव : थो माह्याकडं पाहत नाही, माय.

रंभाबाई : त्यानं मले इचारलं हाये, सांगनं मले हाये. तू नुसता उभा राह्य. मी खोटं सांगतलं तं तिथंच टोक मले... देवराव, जागा हायेस ना गा?

देवराव : जागाच हाव. इथं झोप येते कुठं? बाजूवाला रातभर खोकलते. कुठं गेलती? अन् याले काहून आनलं?

रंभाबाई : तू सकाळी मले इचारलं, थे सांगाले आली.

देवराव : सांग मंग. जमादार यायचाच हाये. भावानं शिकवून पाठवलं का?

रंभाबाई : बंदूकवाल्या गोपाळभाऊजीकडं गेलती. तुहा सदरा दाखवला त्यायले. त्यायनं भोकं पाहिले, मले पाहाले लावले. उजव्या आंगाले हाये, डाव्या आंगाले एक नाही. लांबून झाडली हाये. अन् नेम तुह्यावर नव्हता. बाजूनं होता. बाभळीवर. फाकलेले छर्रे लागले तुले, कडेचे.

देवराव : बाभळीवर हे कापडावरून समजलं?

रंभाबाई : नाही. बाजूनं होता हे कापडावरून समजलं. बाभळीवर होता हे यानं सांगतलं, आत्ता, पायरीवर.

देवराव : अन् डुक्कर?

रंभाबाई : डुक्कर नव्हतं, बाबू. तू जाऊन राहिला होता, म्हनून झाडली. तुले थांबवाले. भेव दाखवाले. मारासाठी नाही. एवढंच खरं हाये, याच्यावर मले काही माहीत नाही.

देवराव : मले माहीत होतं का डुक्कर नव्हतं. नाव घेऊन कोनी डुकराले हाक नाही मारत. मले फक्त तुह्या तोंडून आयकाचं होतं, तू डुक्कर म्हनते का.

रंभाबाई : म्हनली असती तं?

देवराव : तं समजलो असतो का त्या घरात माह्यं कोनीच नाही. अन् जमादाराले म्हटलं असतं, लिहा, यानं मारलं मले. दोन दिस झाले, थेच जुळवून राहिलो होतो मनात. शब्द न् शब्द तयार होता.

रुपराव : थेच सांग. मी ना नाही म्हनत.

देवराव : तू चूप राह्य.

रुपराव : मीच सांगतो मंग. जसं झालं तसं.

देवराव : काय होईन त्यानं? तू आत जाशीन. मी इथं एका डोळ्याचा पडून. बगीचा कोन पाहीन, ही पाहीन? बहार तोडाले आला हाये, तूच म्हनत होता ना रोज? फालतू गोष्टी नको करू. डुक्कर मी सांगीन.

रुपराव : देवराव...

देवराव : मी सांगीन म्हटलं ना. माहा डोळा गेला, बयान माह्यं हाये. तू फक्त हो म्हन. पन घरात नको म्हनू. माह्यासमोर डुक्कर म्हनू नको कधी. या जन्मात नको म्हनू.

रुपराव : नाही म्हननार.

रंभाबाई : अन् बंदूक?

रुपराव : पाटलानं जमा केली हाये. मी सोडवनार नाही. राहू दे तिथंच, गंजू दे.

देवराव : वानरं येतीन मंग.

रुपराव : येऊ दे. डबे वाजवीन.

देवराव : माय, एसटीवाले एका डोळ्याचा कंडक्टर घेते का वं?

रंभाबाई : मले नाही माहीत बाबू.

देवराव : नाही घेत असन. पैसे दिसतीन, पाटी दिसन, पन नाही घेत असन. तरी मी घरी येनार नाही. आधीच सांगून ठेवतो. सुट्टी झाली का इथंच नंदनवन वस्तीत जाईन, कौसल्या आत्याकडं. मंग पाहीन काय थे. वानरं हाकलाले मी येनार नाही.

रंभाबाई : नको येऊ.

देवराव : तू रडशीन.

रंभाबाई : रडीन. तरी नको येऊ. जाऊन राहिला होता, जा.

रुपराव : मी पोचवून देईन आत्याकडं. पेटी हाये घरी. पुसून ठेवली हाये म्या.

देवराव : फुटली नाही का?

रुपराव : कोपरा चेपला. कडी नवीन लावतो.

देवराव : राहू दे. दोरी बांधली तरी चालते.

रंभाबाई : भाकर कुठं ठेवली गा, रुपराव?

रुपराव : पायरीवर राहिली. आनतो.

रंभाबाई : मी आनतो. मलेच भूक लागली हाये. जमादार दारात दिसला तं हाक मारा मले, मी आल्याबिगर काही बोलू नका दोघंही... का पाहून राहिला? बस ना तू त्याच्यापाशी, तीन दिस झाले बाहेरच हायेस.

देवराव : गेली का?

रुपराव : गेली.

देवराव : मंग उभा काहून हायेस? माय म्हनून गेली ना, बस म्हनून.

रुपराव : बसतो.

देवराव : तिकून नको, भाऊ. इकून ये, डाव्या बाजूले. तिकून दिसत नाही मले.